मोजा हलतो, हात हलत नाही

मामाच्या अंगावरून वारं गेलं त्याला आता दीड वर्ष होईल. उजवी बाजू गेली. पाय तीन महिन्यांत बऱ्यापैकी सावरला, काठी टेकत तो कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत जायला लागला. खांदाही थोडा उचलला जाऊ लागला. बोटं मात्र तळव्यात मिटली ती मिटलीच. एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टरकी केलेला माणूस, चालत्या गाडीत एका हाताने दांडा धरून दुसऱ्या हाताने तिकीट पंच करणारा. त्याला आता स्वतःच्याच उजव्या हाताची नखं कापायची तर मामीला एकेक बोट सोडवून धरावं लागायचं.

मग मामेभावाने ऑनलाइन 'रोबोटिक ग्लव्ह' मागवला. काळा मोजा, प्रत्येक बोटाच्या पाठीवर घड्याघड्यांची नळी, आणि हवा भरायला एक छोटा पंप. बटण दाबलं की फुस्स करून हवा भरते आणि बोटं मिटतात. हवा ओढून घेतली की उघडतात. मी गेलो तेव्हा मामा मोजा चढवून मालिका बघत बसला होता. हात मांडीवर आपला आपण उघडमीट करत होता, जणू तो शेजारच्या खुर्चीतल्या माणसाचा होता.

"रोज दोन तास चालतंय मशीन," मामी म्हणाली.

"आणि हात?"

"हात आहे तसाच."

असे मोजे हल्ली बऱ्याच घरांत दिसतात. इस्पितळांत याच कामाची लाखो रुपयांची यंत्रंही असतात. ती नेमकं काय करतात आणि मामाच्या मोज्याने काही का झालं नाही, हे समजायला आधी हाताकडे वळायला हवं.

डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपराखालचा जाड भाग पकडा आणि उजवी बोटं पियानो वाजवल्यासारखी हलवा. बोटांसोबत तुमच्या पकडीखालचं मांस वळवळतं. बोटांच्या आत हालचालीचे स्नायू नाहीतच. बोटं मिटणारे आणि उघडणारे मुख्य स्नायू कोपर ते मनगट या भागात असतात, आणि तिथून लांबलचक दोऱ्या मनगटातून बोटांच्या टोकापर्यंत जातात. कळसूत्री बाहुलीसारखंच: नाचते बाहुली, ओढणारा हात वर. बारीक नेमकेपणासाठी तळहातात काही छोटे स्नायू असतात, पण ताकदीचं काम या दोऱ्यांचं.

दोऱ्या एकमेकींत अडकलेल्याही असतात. तळहात टेबलावर पालथा ठेवा, मधलं बोट आत दुमडा आणि आता अनामिका उचलून दाखवा. सहसा उचलत नाही. आणखी एक: मनगट पूर्ण खाली वाकवून घट्ट मूठ वळून बघा. वळत नाही. मनगट मागे घेतलं की मात्र बोटं आपसूक आत येतात, कारण दोरी मनगटावरून जाते आणि मनगट हललं की तिची लांबी बदलते. म्हणून नुसती बोटं धरून ओढणारं आणि मनगटाचा विचार न करणारं यंत्र अर्धंच काम करतं.

मामाचे स्नायू आणि दोऱ्या शाबूत होत्या. बिघाड होता वर, मेंदूत. बहुतेक वेळा अर्धांगवायूत मेंदूची एखादी रक्तवाहिनी गुठळीने बंद होते, काही वेळा फुटते, आणि तेवढा भाग मरतो. डाव्या मेंदूतून निघालेल्या तारा खाली मानेच्या वर एकमेकींना ओलांडून उजवीकडे जातात, म्हणून डावीकडे घाव पडला की उजवं अंग जातं. पाय, खांदा, धड यांना मेंदूकडून यायला आडवाटाही आहेत, काही थोड्याफार दोन्ही बाजूंनी येतात. सुट्या बोटांची बारीक हालचाल मात्र जवळपास एकाच मोठ्या वाटेवर अवलंबून असते. हमरस्ता तुटला तर पाय गल्लीबोळातून घरी पोचतो, बोटं तिथेच अडकतात.

त्यातून मेंदूत हाताचा पसारा केवढा! कॅनडातल्या मॉन्ट्रियलचे मेंदूशल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड शस्त्रक्रियेच्या वेळी जाग्या रुग्णांच्या मेंदूला ठिकठिकाणी हलका विद्युतस्पर्श करत आणि अंगाचा कुठला भाग हलतो ते टिपत. त्यावरून निघालेल्या नकाशात हात आणि चेहऱ्याने व्यापलेली जागा सगळ्या धडाला पुरून उरेल एवढी मोठी आहे.

नेदरलँड्सच्या २०१० सालच्या एका अभ्यासात बोटांचं महत्त्व आणखी ठळक दिसलं. झटका आल्यावर ७२ तासांच्या आत ज्यांना खांदा थोडा बाजूला उचलता आला आणि बोटं थोडीशी उघडता आली, त्यांचा हात सहा महिन्यांनी काही ना काही कामाचा होण्याची शक्यता ९८ टक्के निघाली. दोन्हीपैकी काहीच न जमणाऱ्यांची २५ टक्के. दोन दिवसांच्या रुग्णाला डॉक्टर "बोटं उघडा बघू" म्हणतात, ते उगाच नाही.

उघडा म्हणतात, मिटा नाही, हेही लक्षात घ्या. झटक्यानंतर हात सुरुवातीला लुळा पडतो, काही आठवड्यांनी ताठरायला लागतो. वरून येणारा लगाम सुटलेला असतो, त्यामुळे पाठीच्या कण्यातली ताणाची प्रतिक्षिप्त क्रिया मोकाट होते. मिटणारे स्नायू मुळातच दांडगे, ते जिंकतात आणि मूठ बनते. या ताठरपणाचा स्वभाव गाडीच्या सीटबेल्टसारखा असतो. हळू ओढला तर येतो, हिसका दिला की लॉक. मामी नखं कापताना घाई करायची आणि बोटं आणखी आवळायची, त्याचं कारण हेच. यंत्रालाही हा नियम चुकत नाही. भरभर उघडमीट करणारं यंत्र ताठर हाताशी नुसतं भांडत बसतं.

तुटलेली वाट पुन्हा तशीच बनत नाही. पण आजूबाजूचा शाबूत मेंदू काम अंगावर घेऊ शकतो, आणि त्यासाठी त्याला सराव लागतो. किती? प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूचा नकाशा बदलताना दिसला तो दिवसाला शेकडो वेळा तीच हालचाल केल्यावर. माणसांचं काय? २००९ साली अमेरिका आणि कॅनडातल्या केंद्रांमध्ये प्रत्यक्ष उपचार चालू असताना बसून मोजदाद केली गेली. हाताच्या कामाच्या हालचाली एका सत्रात सरासरी ३२ निघाल्या. शेकडो पाहिजेत तिथे बत्तीस. यात फिजिओथेरपिस्टचा दोष नाही. पाऊण तासात ताठरलेलं बोट सोडवायचं, खांदा सांभाळायचा, रुग्णाची समजूत काढायची आणि वर मोजतही राहायचं, हे एका माणसाचं काम नव्हे.

रोबोट आला तो या फटीतून. तो थकत नाही, कंटाळत नाही, चारशेव्या वेळी पहिल्यासारखाच धरतो. अमेरिकेत एमआयटीमध्ये नेव्हिल होगन आणि हर्मानो इगो क्रेब्स यांनी १९८९च्या सुमारास एमआयटी-मॅनस या यंत्राचं काम सुरू केलं. रुग्णाचा हात टेबलावरच्या दांड्याला बांधायचा, समोर पडद्यावर ठिपके, आणि दांडा त्या ठिपक्यापर्यंत न्यायचा. नव्वदच्या दशकात ते रुग्णांवर वापरलं गेलं. पण ते खांदा आणि कोपराचं यंत्र होतं. बोटं मागून आली, कारण बोटं अवघड. खांदा-कोपर दोन दांड्यांत बसतो. हाताला मात्र वीसहून अधिक प्रकारे हलण्याची मुभा आहे, तीही इवल्याशा जागेत, आणि प्रत्येकाच्या पेरांची लांबी वेगळी.

यावर तऱ्हेतऱ्हेचे तोडगे निघाले. ऑस्ट्रियात ग्राझला बनणारं अमादेओ बोटांच्या सांध्यांच्या भानगडीत पडतच नाही. मनगट पट्ट्याने बांधतात, प्रत्येक बोटाच्या टोकाला चिकटपट्टीने छोटं चुंबक लावतात आणि ते रुळावरच्या सरकपट्टीला जोडतात. टोक पुढे-मागे सरकलं की मधले सांधे आपले आपण वाकतात. दुसरी तऱ्हा बाहेरून चढवलेल्या सांगाड्याची, प्रत्येक पेराला दांडी आणि सांध्यापाशी बिजागरी. इथे मेख अशी की यंत्राची बिजागरी आणि बोटाचा सांधा एकाच आसावर फिरायला हवेत. आस जरासा सरकला तरी दर वाकण्याला सांध्यावर आडवा जोर येतो. दिवसाला चारशे वेळा तो येऊ लागला तर उपचाराने हाताचं दुखणंच वाढेल.

तिसरी तऱ्हा मऊ मोज्याची, मामाच्या मोज्याची. लांबुळका फुगा घ्या, एका बाजूला उभी चिकटपट्टी लावा आणि फुगवा. पट्टीची बाजू ताणत नाही, दुसरी ताणते, म्हणून फुगा पट्टीकडे वाकतो. हार्वर्डमध्ये कॉनर वॉल्श यांच्या प्रयोगशाळेने याच तत्त्वावर, रबरी नळ्यांना धाग्यांची वेढणी घालून, द्रवाच्या दाबावर चालणारा मोजा केला. मऊ असल्यामुळे आस जुळवायची कटकट नाही, वजन कमी, आणि बनवायला स्वस्त, म्हणून त्याचे भाऊबंद बाजारात पसरले. इटलीतला ग्लोरेहा हा मोज्याचाच प्रकार, पण बोटं तारांनी ओढणारा.

माझ्या मते मात्र यंत्र दांड्यांचं की हवेचं, हा दुय्यम मुद्दा आहे. पहिला प्रश्न हा की हालचाल सुरू कोण करतं? यंत्र की माणूस?

मामाची फिजिओ आठवड्यातून दोनदा येते. आम्ही सगळे तिला मॅडम म्हणतो, वयाने ती माझ्या धाकट्या बहिणीएवढी असेल. तिने मोजा चालू असलेला पाहिला आणि मामाला विचारलं, "काका, तुम्ही काय करताय?" मामा म्हणाला, "मी काही नाही, मशीन करतंय." तिने पंप बंद केला. म्हणाली, "मग व्यायाम मशीनचा झाला."

असं आयतं हलवण्याचा फायदा अगदीच नाही असं नाही. सांधे आखडत नाहीत, सूज उतरायला मदत होते. त्यासाठी दहा-पंधरा मिनिटं ठीकच. पण मेंदूने नवी वाट पाडायची तर क्रम जुळावा लागतो: आधी मेंदूतून 'उघड' असा हुकूम सुटायला हवा, आणि त्याच क्षणी बोट उघडल्याची खबर परत यायला हवी. हुकूम आणि खबर पुन्हा पुन्हा एकत्र आली की त्यांच्यातला धागा पक्का होतो. मामा मालिका बघत असताना नुसतीच खबर येत होती. हुकूम सुटतच नव्हता.

आणि यंत्र सगळं करून देतंय असं दिसलं की माणूस नकळत स्वतःचा जोर काढून घेतो. या क्षेत्रातले लोक त्याला 'स्लॅकिंग' म्हणतात, आपल्याकडे सरळ अंगचोरपणा म्हटला असता. ही काही रुग्णाची लबाडी नव्हे, मेंदूची काटकसर आहे. धडधाकट माणसंही असंच करतात. जड कपाट चौघं उचलताना पाचवा आला की पहिल्या चौघांचे हात आपोआप सैल पडतात. म्हणून चांगली यंत्रं लागेल तेवढीच मदत करतात. ती आधी थांबतात. रुग्ण जितकं बोट हलवेल तितकं हलू देतात आणि तो अडला की उरलेलं अंतर नेऊन देतात. पुढच्या वेळी मदत आणखी थोडी कमी.

पण बोट मुळीच हलत नसेल तर यंत्राने कशाची वाट बघायची? इथे मला हे शास्त्र खरंच भारी वाटतं. बोट हललं नाही तरी प्रयत्नाची कुजबुज खाली पोचलेली असू शकते. कोपराखालच्या स्नायूवर दोन चिकट इलेक्ट्रोड (विद्युतसंकेत टिपणाऱ्या चकत्या) लावले तर अगदी क्षीण विद्युतसंकेत मिळतो, बोट हलवण्याच्या कितीतरी खालच्या पातळीचा. हाँगकाँगच्या पॉलिटेक्निक विद्यापीठातून आलेलं 'हँड ऑफ होप' हे यंत्र हाच संकेत ऐकतं. रुग्णाने जोर लावला, संकेत ठरलेल्या पातळीपर्यंत चढला, की मोटर चालते. प्रयत्न नाही तर हालचाल नाही. दिल्लीत एम्स आणि आयआयटी यांनी मिळून याच पद्धतीचा सांगाडा बनवला आहे, त्याचे रुग्णांवरचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. त्यात बोटं आणि मनगट जोडीने हलतात: बोटं मिटताना मनगट मागे, उघडताना पुढे. वर मनगटाचा प्रयोग करून पाहिला असेल तर यामागचं कारण सांगायला नको.

स्नायूपर्यंतही काही पोचत नसेल तर थेट डोक्यावरून ऐकायचं. अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने एप्रिल २०२१ मध्ये मान्यता दिलेलं इप्सिहँड हे यंत्र डोक्यावरच्या टोपीतून मेंदूचे संकेत घेतं, आणि गंमत म्हणजे घाव नसलेल्या बाजूचे. कुठलाही हात हलवायचा विचार केला की त्याच बाजूच्या मेंदूतही थोडी चळवळ होते. ती पकडायची आणि बोटांवरचा सांगाडा हलवायचा. यात कवटी उघडावी लागत नाही.

एक अडचण मला अगदी उशिरा कळली. मॅडमनी मामाला डोळे मिटायला सांगितले, त्याची तर्जनी बाजूंनी धरून वर-खाली केली आणि विचारलं, "बोट कुठे आहे, वर की खाली?" मामाने दहापैकी चारदा बरोबर सांगितलं, म्हणजे छापा-काटा केला असता तरी तेवढंच जमलं असतं. त्याचा हुकूमही अडला होता आणि खबरही. कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनला डेव्हिड राइनकेन्समायर यांच्या प्रयोगशाळेत 'फिंगर' नावाच्या रोबोटने गाण्याच्या तालावर बोटांचा सराव करून घेतला गेला. ज्यांना आपलं बोट कुठे आहे हे नीट कळत होतं, त्यांना त्या सरावाचा जास्त फायदा झाला. ही चाचणी करायला यंत्र लागत नाही, दोन मिनिटं पुरतात. यंत्रावर पैसे घालण्याआधी ती करून घ्यावी.

आता कडू भाग. ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर मोठी चाचणी झाली, तिचा निकाल २०१९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. एका गटाला एमआयटी-मॅनसवर आठवड्यातून तीनदा पाऊण-पाऊण तास, बारा आठवडे. दुसऱ्याला तेवढाच वेळ माणसाकडून जादा उपचार. तिसऱ्याला नेहमीचे उपचार. हाताच्या कामात रोबोटचा गट नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरला नाही. त्याच्या आदल्या वर्षी, वेगवेगळ्या वैद्यकीय चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने ४५ चाचण्यांमधल्या १६१९ रुग्णांची माहिती एकत्र केली होती. त्यात रोबोटने दैनंदिन कामं, हाताची हालचाल आणि ताकद सुधारते असं दिसलं, पण ती सुधारणा रोजच्या जगण्यात जाणवण्याइतकी आहे का, हा प्रश्न उरलाच. मी याचा अर्थ असा लावतो: रोबोट सरावाचा आकडा वाढवतो आणि हालचाल सुधारते, पण पडद्यावरच्या ठिपक्यापासून वरणभाताच्या घासापर्यंतचं अंतर तो आपणहून कापत नाही. घास हा वेगळा धडा आहे, तो वेगळा गिरवावा लागतो.

ही समज आपल्याकडे नवी नाही. मुंबईत केईएममध्ये १९५० साली कमलाबाई निंबकरांनी व्यवसायोपचाराची शाळा काढली, आशियातली पहिली. कामातून हात बरा करायचा, हेच त्या विद्येचं सार.

आणि सगळं परदेशातून, लाखो रुपये मोजूनच आणायला हवं असंही नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने आयआयटी मद्राससोबत 'प्लूटो' नावाचं छोटं यंत्र केलं आहे. मोटर एकच, वरची मूठ बदलायची: मनगटासाठी एक, हात पालथा-उताणा करायला दुसरी, पंजा उघडमिटीसाठी तिसरी. टेबलावर मावतं, आणि खेळ खेळत सराव होतो. पाच बोटांना पाच मोटर लावण्याच्या हव्यासापेक्षा ही काटकसर मला जास्त शहाणी वाटते.

तरी कोणी मोजा घेणारच असेल तर चार गोष्टी बघाव्यात. वेग कमी करता येतो का? सीटबेल्ट आठवा. अंगठ्याला वेगळी दिशा आहे का? स्वस्त मोज्यांत अंगठाही बाकीच्या बोटांसारखाच वाकतो, पण पेला धरायचा तर तो तळव्यासमोरून आडवा यायला हवा. मिरर मोड असेल तर उत्तम. त्यात चांगल्या हातात सेन्सरचा मोजा घालायचा, तो हात उघडला की दुसरा उघडतो, त्यामुळे निदान माणूस जागा राहतो. आणि मूठ फार घट्ट असेल, हात सुजलेला किंवा दुखरा असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावं. कधी कधी बोटुलिनमचं इंजेक्शन देऊन स्नायू सैल करावे लागतात, मगच यंत्राला काही करता येतं. स्पर्श कळत नसेल तर मोजा काढल्यावर दर वेळी कातडी तपासावी. काचलेलं रुग्णाला कळणार नाही.

मॅडमनी मामाचा मोजा फेकून दिला नाही. आता सकाळी दहा मिनिटं तो सगळ्यात कमी वेगावर, हात मोकळा व्हायला. मग मिरर मोडवर वीस मिनिटं, टीव्ही बंद, आणि दर वेळी मामाने मोठ्याने "उघड" म्हणायचं. त्यानंतर मोजा काढायचा. तिने घरात शोधायला लावून माळ्यावरचा त्याचा जुना तिकिटाचा पंच काढला, तेल घालून मोकळा केला, आणि मामी अंगठा धरून बसते तोवर मामा जुन्या कॅलेंडरच्या कागदावर तो दाबतो. परवा गेलो तेव्हा भोक पडलं नव्हतं, कागदावर वळ उठला होता. मामाने तो उजेडात धरून पाहिला आणि म्हणाला, "हाफ तिकीट."